हॉटेलं भरलेली आहेत, मग महागाईचं संकट कुठे आहे?

वाटसरू:
परवा रविवारी रात्री आम्ही चौघं पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर जेवायला गेलो. पहिल्या हॉटेलात पन्नास मिनिटांचं वेटिंग, दुसऱ्यात चाळीस. टेबल मिळेपर्यंत साडेदहा वाजले. २०२५च्या दिवाळीआधी लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या वर गेलेलं, तरी धनत्रयोदशीला सराफाकडे नंबर लावून उभं राहावं लागलं. आणि सोमवारी ऑफिसात डबे उघडले की पुन्हा तेच, "जगणं मुश्कील झालंय."

मला हे पटत नाही. आमच्या लहानपणी वडील वर्षातून एकदा हॉटेलात न्यायचे, निकालाच्या दिवशी. दोन भावांत एक मसाला डोसा. आई चहासुद्धा घ्यायची नाही, "घरी जाऊन करते" म्हणायची. तंगी म्हणजे ते. आज माझ्याकडे काम करणाऱ्या ताईंची मुलगी वाढदिवसाला पिझ्झा मागवते, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

आकडेही माझ्या बाजूने आहेत. ऑक्टोबर २०२५ची किरकोळ बाजारातली महागाई ०.२५ टक्के, २०१२चे भाव पाया धरून मोजायला लागल्यापासून सर्वांत कमी. सप्टेंबरात जीएसटीचे दर उतरले. सरकारच्या घरखर्चाच्या पाहणीत २०११-१२ मध्ये शहरी कुटुंब शंभरातले जवळपास ४३ रुपये खाण्यावर घालवत होतं, २०२३-२४ मध्ये ४०. खेड्यात ५३ वरून ४७. पोटाला कमी लागतंय म्हणजे बाकीच्याला उरतंय. लोकांच्या हातात पैसा नसेल तर ही गर्दी येते कुठून? ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी सांगावं.

गल्ल्यावरचा:
दादा, गर्दी आमच्याकडे येते, म्हणून मीच सांगतो. कोथरूडला माझं बावीस टेबलांचं हॉटेल आहे. रविवारी रात्री आलात तर तुम्हाला उभं राहावं लागेल. मंगळवारी या. अकरा टेबलांवर खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या दिसतील.

आणि बिल बघा. तीन वर्षांपूर्वी चौघांच्या टेबलावर दोन स्टार्टर, दोन भाज्या, डाळ, भात, शेवटी काहीतरी गोड. आता सूप वन बाय टू, स्टार्टर नाही, एक पनीर, एक डाळ, रोट्या मोजून. आधी दोन मागवतात, मग एकमेकांकडे बघून तिसरी. बाटलीबंद पाणी नको म्हणणारी टेबलं जवळपास दुप्पट झाली. मी मेनूकार्डावरचे भाव दोनदा वाढवले, तरी टेबलामागचं बिल होतं तिथेच आहे. याचा अर्थ माणसं तेवढीच येतात आणि कमी खातात.

अजून एक. आमच्या रस्त्यावरची दोन हॉटेलं दीड वर्षात बंद पडली. एकाचा मालक माझा चांगला मित्र. भाडं आणि पगार यांत तो पिचला. त्याचं गिऱ्हाईक आता माझ्या दारात उभं असतं. लोकांना माझी रांग दिसते, त्याचं शटर कोणी बघत नाही.

रोखठोक:
वाटसरू बरोबर बोलताहेत. गल्ल्यावर बसलेला माणूस धंदा उत्तम चाललाय असं म्हणाल्याचं मी पन्नास वर्षांत ऐकलं नाही. राग मानू नका, मी स्वतः दुकान चालवलंय.

माझं म्हणणं शब्दाबद्दल आहे. संकट हा शब्द जपून वापरा. १९७२च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. वडील आणि मोठी बहीण कामावर खडी फोडायला जायचे. घरात मिलो यायचा, लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. शाळेत सुकडी मिळायची म्हणून आम्ही शाळेत जायचो. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरलंय मी. ज्यांनी ते पाहिलं त्यांना दोन रोट्या मागवून तिसरीचा विचार करणं हे संकट वाटत नाही. अडचण आहे, मान्य. ती कोणत्या काळात नव्हती?

हिशेबाची वही:
रोखठोक काका, तुमच्या आठवणीपुढे मी हात जोडते. पण १९७२ हेच माप ठरवलं तर त्यानंतर कुणाला कधी तक्रारच करता येणार नाही.

वाटसरू, तुमच्या रांगेचा हिशेब मांडून बघू. २०११च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साधारण ४८ लाख माणसं होती, आता कितीतरी जास्त. जुनाच आकडा धरा. त्यातली शंभरातली फक्त दोन माणसं रविवारी बाहेर जेवली तरी होतात ९६ हजार. शंभर खुर्च्यांची ९६० हॉटेलं एकदम भरतील. उरलेली अठ्ठ्याण्णव घरी पोळी-भाजी खात असतील, किंवा भातावर वरण वाढवून घेत असतील. त्यांची रांग कुठेच लागत नाही.

आता तुम्ही दिलेल्या त्याच पाहणीतला दुसरा आकडा. २०२३-२४ मध्ये शहरात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये. चौघांच्या घराचा झाला २८ हजार, भाडं-शाळा-दवाखाना-किराणा सगळं धरून. तुमचं परवाचं बिल दोन हजार धरलं तर त्या घराच्या महिन्याच्या खर्चाचा चौदावा भाग एका रात्रीत संपला. आणि ही सरासरी आहे. शहरातल्या वरच्या पाच टक्क्यांचा माणशी खर्च २०,३१० आहे, खालच्या पाच टक्क्यांचा २,३७६. फर्ग्युसन रस्त्यावर रात्री दहाला तुमच्या शेजारी कोण उभं असेल, तुम्हीच सांगा.

०.२५ बद्दलही बोलते, कारण घरातली वही मीच लिहिते. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही, भाव चढायचे थांबले. तेही सरासरीने. ऑक्टोबरात भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा २७ टक्क्यांनी स्वस्त होत्या, कारण आदल्या ऑक्टोबरात त्या ४२ टक्क्यांनी चढल्या होत्या. तेल-तूप मात्र ११ टक्क्यांनी महागच. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, तेव्हापासून माझ्या वहीत तेलाची ओळ खाली आलेली नाही. मग मी काय केलं? पाच लिटरचा डबा बंद करून एकेक लिटरची पिशवी आणते. वाण्याला वाटत असेल, वहिनी हल्ली वारंवार येतात, खरेदी वाढली.

आणि गर्दी बघून अर्थव्यवस्थेची तब्येत सांगणारे तुम्ही पहिले नाही. ४ नोव्हेंबर २०११ रोजी कान शहरातल्या जी-२० परिषदेत इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी म्हणाले होते की देशात संकट जाणवत नाही, रेस्टॉरंटं भरलेली आहेत, विमानात जागा मिळत नाही. आठ दिवसांनी त्यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०१९ला मुंबईत केंद्रीय मंत्री रविशंकर प्रसाद यांनी तीन चित्रपटांनी एका दिवसात १२० कोटी कमावल्याचा दाखला दिला होता, मंदी कुठे आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी विधान मागे घेतलं. त्या जुलै-सप्टेंबरचा विकासदर पुढे जाहीर झाला तो ४.५ टक्के, सहा वर्षांतला नीचांक.

लीड्सकर:
हा वाद आम्ही इंग्लंडमध्ये २०२२ला शब्दशः ऐकलाय. ऑक्टोबर २०२२ मध्ये इथली महागाई ११.१ टक्के होती, एकेचाळीस वर्षांतली सर्वाधिक. साध्या घराचं गॅस-विजेचं वर्षाचं बिल वर्षभरात साधारण १,२७७ पौंडांवरून २,५०० वर गेलं, तेही सरकारने आपल्या खिशातून भर घातल्यावर. आणि शुक्रवारी संध्याकाळी पब भरलेले! ऑफिसातले लोक म्हणायचे, कसलं संकट?

त्याच हिवाळ्यात आमच्या वाचनालयाच्या दारावर पाटी लागली, की इथे ऊब आहे, या आणि बसा. मी पुस्तकं बदलायला जायचे तेव्हा रेडिएटरजवळच्या खुर्च्यांवर तीच चार-पाच म्हातारी माणसं असायची. एक आजी विणकाम आणायच्या. घरी हीटर दुपारी बंद ठेवतात, असं एकदा बोलता बोलता म्हणाल्या. पब आणि वाचनालय यांत चारशे पावलांचं अंतर. त्या वर्षी एकट्या ट्रसेल ट्रस्टच्या फूड बँकांनी जवळपास ३० लाख शिधापिशव्या वाटल्या.

दुकानांचंही तसंच. विक्री पौंडांत वाढत होती आणि नगांत घटत होती. लोक जास्त पैसे देऊन कमी सामान घरी नेत होते.

तारण खिडकी:
लीड्सकर ताईंच्या शेवटच्या वाक्यावरून सोन्याचं सांगतो. मी बँकेत सोनेतारण बघतो. २०२५ मध्ये सोन्याच्या दागिन्यांची मागणी वजनात घटली, रुपयांत मात्र टिकून राहिली. सराफाकडच्या गर्दीत जुनं मोडून नवं घेणारेही पुष्कळ असतात. आणि मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात देशभरातल्या बँकांचं सोनेतारण कर्ज दुपटीहून वाढलं. भाव चढला हे एक कारण आहे, नाकारत नाही. पण माझ्या खिडकीवर येणारी माणसं कारण सांगतात ते बहुतेक वेळा फी नाहीतर दवाखाना. बायका बांगडी काढतात तेव्हा साबण लावून आलेल्या असतात, म्हणजे घरीच ठरवून निघालेल्या. त्यांचीही रांग असते, सकाळी दहा ते बारा.

कांदेकरी:
निफाडहून लिहितोय. तुमचा ०.२५चा आकडा आमच्या खिशातून आलाय. लासलगावला या २०२५च्या नोव्हेंबरात कांदा किलोला दहाच्या आसपास गेला. कांदाचाळीत सहा महिने ठेवलेला, निम्मा सडलेला. शहरातल्या ताटात स्वस्ताई दिसते ती इथली तूट आहे. बाकी तुमचं चालू द्या.

वाटसरू:
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. काही गोष्टी मान्य करतो. दोन टक्क्यांचा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता. रांग बघून मी सगळं शहर बघितल्यासारखं बोललो. सोन्याचंही मागे घेतो. माझ्या स्वतःच्या बायकोने पाटल्या मोडूनच हार केलाय.

पण सगळं मागे घेत नाही. "जगणं मुश्कील झालं" असं माझ्या ऑफिसात म्हणणारे महिना लाखावर घेतात. त्यांच्या तोंडी हे वाक्य ऐकलं की चीड येते, कारण त्या ओरड्यात ज्याला खरंच परवडत नाही त्याचा आवाज बुडतो. रोखठोक काकांशी मी तिथे सहमत आहे. आणि हेही आहेच ना, की त्या रांगेत विशी-बाविशीची मुलं खूप होती? साधे कपडे, पाठीला सॅक. ती काही वरच्या पाच टक्क्यांतली वाटली नाहीत. त्यांच्याकडे कुठून येतात पैसे?

रोखठोक:
मीही तेच विचारणार होतो. आमच्या वेळी विद्यार्थी वार लावून जेवायचे.

नवी पेठ, कॉट नं. ३:
त्या रांगेत मी असतो, म्हणून उत्तर देतो. एमपीएससीचा अभ्यास करतो, चौथं वर्ष.

सर, रविवारी दुपारी मेसला फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. पुण्यात बहुतेक मेसचं असंच ठरलेलं आहे. म्हणजे त्या रात्री आम्हा हजारो पोरांना बाहेर खावंच लागतं. तुम्ही नेमके त्याच रात्री आलात. आम्ही चौघांत दोन बिर्याण्या घेतो, जादा रस्सा मागतो. माणशी नव्वद-शंभर पडतात. वेटिंग असलं तरी थांबतो, कारण खोलीवर परत जाऊन करायचं काय?

बाकीचे सहा दिवस सांगतो. २०२२ला आलो तेव्हा दोन वेळची मेस २,८०० होती, आता ३,६००. कॉट बेसिसवर राहतो, कॉटचे १,८०० होते ते २,७०० झाले. अभ्यासिका वेगळी. घरून येतात आठ हजार, तेव्हाही आठच होते. जूनपासून मी एक वेळची मेस केली. सकाळी पोहे, दुपारी मेस, रात्री केळी किंवा पाच रुपयांचा बिस्किटपुडा, तोही आता हलका लागतो हाताला. खोलीतल्या दुसऱ्यानेही तसंच केलं. तिसरा दोन वेळ जेवतो, त्याचा भाऊ पोलिसात आहे.

चौथा धाराशिवचा. सप्टेंबरच्या पुरात त्यांचं सोयाबीन गेलं, माती वाहून गेली. दिवाळीला गावी गेला तो परत आला नाही. गादी गुंडाळून ठेवलीय, पुस्तकं कॉटखाली आहेत. मालकाने दारावर "एक कॉट रिकामी" लिहून लावलंय.

गेल्या रविवारी आम्ही तिघंच गेलो होतो, त्याच हॉटेलात. नंबर लागायला नेहमीएवढाच वेळ लागला.