समुपदेशनात नेमकं होतं काय?

रंकाळा_वारा: धाकटा भाऊ, वय २४, एमपीएससी करतोय. झोप उडालीय, अभ्यासिकेत जाणं बंद झालंय. आई म्हणते समुपदेशकाकडे न्या, वडील म्हणतात नुसत्या बोलण्याला पैसे कशाला. तिथं काय करतात, किती वेळा जावं लागतं, आणि तो जे बोलेल ते घरी सांगतात का?

मन_मोकळं: नुसतं बोलणं नसतं ते. एक बैठक साधारण ४५ ते ६० मिनिटांची, सुरुवातीला आठवड्यातून एकदा. पहिली बैठक बहुतेक माहिती घेण्यातच जाते: झोप, भूक, चालू औषधं, व्यसन, घरात कुणाला मानसिक आजार होता का. जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारतात. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

नैराश्य किती आहे हे बघायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली देतात, गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा. तिथं शून्याऐवजी काहीही असलं तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्यावर बोलावंच लागतं.

मग उद्दिष्ट ठरतं. 'टेन्शन कमी व्हावं' हे उद्दिष्ट नव्हे, मोजताच येत नाही. 'आठवड्यातले पाच दिवस दोन तास अभ्यासिकेत' हे चालतं. सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलण्याची पद्धत) असेल तर घरी वही भरायची असते: प्रसंग, त्या क्षणी आलेला विचार, भावना किती तीव्र (० ते १००), विचाराच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा, मग दुसरा विचार. 'यंदा नाही झालो तर आयुष्य संपलं' हे वाक्य कागदावर उतरलं की त्याची तपासणी करता येते. अशा साधारण ८ ते १६ बैठका होतात. वही कोरी राहिली तर बैठका लांबतात, दुसरं काही नाही.

दसरा_चौक: वरच्यात भर. घरी सांगतात का? भाऊ सज्ञान आहे, त्याच्या संमतीशिवाय नाही. अपवाद म्हणजे जिवाला धोका (त्याच्या किंवा दुसऱ्याच्या) किंवा न्यायालयाचा आदेश. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच बैठकीत सांगितलं नाही तर आपण विचारा. आणि वडिलांनी 'काय म्हणाला तो?' असा फोन समुपदेशकाला करू नये. भावाला कळलं की तो गप्पच होतो.

माणूस निवडताना पदवी बघा, बोर्ड नको. समुपदेशक गोळ्या लिहून देऊ शकत नाही, मानसोपचारतज्ज्ञ देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असते, नंबर मागायला लाजू नका. 'अमुक कर, तमुक सोड' असा सल्ला देणारा, स्वतःच्याच गोष्टी सांगत बसणारा, पहिल्याच भेटीत 'शंभर टक्के बरं करतो' म्हणणारा, तिघांनाही नमस्कार.

बावड्याचा: एक राहिलंच. झोप आणि उत्साह गेला तर थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, तिथंही कारण सापडतं. मानसिकच निघालं आणि लक्षणं जास्त असली तर बोलणं आणि औषध दोन्ही लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला २ ते ४ आठवडे जातात, पहिल्या आठवड्यात 'काही होईना' म्हणून बरेच जण सोडतात. अचानक बंद करायच्या नाहीत.

पैशाचा प्रश्न असेल तर कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात. जीव देण्याची भाषा ऐकू आली तर बैठकीच्या तारखेची वाट बघू नका, त्याला एकटं न सोडता थेट दवाखान्यात न्या.

मन_मोकळं: आणि भावा, तीन बैठकांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका. मन हलकं झालं तरी सवय तीच असते, परीक्षेच्या आधी परत डोकं वर काढते. मात्र चार-पाच बैठकांनंतरही कशावर काम चाललंय हे भावाला सांगता येत नसेल, तर समुपदेशकाला तोंडावर विचारायचं. तरी उत्तर मिळालं नाही तर दुसरा बघायचा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.