शहराच्या तोंडाशी अडकलेली गाडी : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतो आहे. आपल्याकडचे रोड गेल्या काही वर्षांत खरंच सुधरले, त्याले कोणी नाही म्हणू नये. समृद्धी झाली, नागपूर-हैदराबाद रोड चौपदरी झाला, अमरावती-अकोला रोडवर जून २०२२ मध्ये ७५ किमी डांबर १०५ तास ३३ मिनिटात टाकलं अन् गिनीज बुकात नोंद झाली, त्याच्या आधी त्या रोडवर लोकाईनं लय वर्षं हाल काढले होते. पण माझं म्हणणं वेगळं आहे. रोड जितका मोठा, तितके आपण लवकर शहराच्या शिवेवर पोचतो, अन् मंग तठीच उभे राहतो. मी आर्वीकडचा. तळेगाव, कारंजा, कोंढाळी कसं निघून जाते समजत नाही, अन् नागपूरच्या शिवेवरची वाडी आली की सगळे ब्रेक लाइट लाल. मागच्या पावसाळ्यात आईची डोळ्याची तपासणी होती, डॉक्टरची वेळ निघून गेली, थे बिचारी मागच्या सीटवर बसून मलेच समजावत होती की जाऊ दे बाबू, उद्या येऊ. उद्या म्हणजे पुन्हा गाडी, पुन्हा वावरातला एक दिवस.

शहरातला माणूस रोज त्या रोडवर असते, त्याले गल्ल्या माहीत, कोणत्या टाइमले निघायचं माहीत. खेड्यातला माणूस शहरात जातो तेव्हा त्याचं काहीतरी अडलेलंच असते, दवाखाना, मार्केट, कोर्टाची तारीख नाही तं पोराची परीक्षा. त्याले उशीर चालतच नाही, अन् अडकते तोच. पेपरात शहरवाल्यांच्या ट्रॅफिकच्या बातम्या येतात, आपली गोष्ट कोणी लिहीत नाही. तं इथं लिहा. कार असो, पिकअप असो, ट्रक असो, जसं झालं तसं.

वरुड, संत्र्याची पिकअप

दादा चांगला विषय काढला. आंबिया बहाराच्या दिवसात आमचं रात्रीचं दिवस होते. दिवसभर तोडा, संध्याकाळी क्रेट भरायचे, रात्री निघायचं, काटोलवरून नागपूर. आता कळमना मार्केट आहे शहराच्या पूर्वेले अन् आमी येतो पश्चिमेकडून, म्हणजे अख्खं नागपूर मधात. लोकं म्हणते रिंग रोडनं जा, रिंग रोडनंच जातो ना भाऊ, पण तठी बी चौकाचौकात ट्रक, ट्रॅव्हल्स, कुठं रोड खोदलेला, अन् सकाळ झाली की शाळेच्या व्हॅना चालू. एकदा लिलावाच्या आधी पोचायचं म्हणून दोन तास हातात ठेवून निघालो, ते दोनही तास शहराच्या कडेकडेनंच गेले. पोचलो तं आडत्या म्हणते, भाऊ सकाळचे गिऱ्हाईक उचलून गेले, आता जे भेटते ते घ्या. खालच्या क्रेटातला माल दबून मऊ पडलेला. गाडीचं भाडं तेच, डिझेल जास्त, भाव कमी, अन् घरी बायको विचारते काय पट्टी आली तं सांगताना जीवावर येते. वर्षभर पाणी देऊन जपलेला बगीचा, त्याचा हिशोब एका चौकात बिघडते याचा लय राग येतो मले.

सेलू, जिल्हा वर्धा

मी बाई आहे अन् कार मीच चालवते, बाबांना डायलिसिसला नागपूरला न्यावं लागते म्हणून शिकले. बुटीबोरीपर्यंत काही त्रास नाही. बुटीबोरीपासून एमआयडीसीच्या बसेस, कंटेनर, पुढं मिहानमधल्या कंपन्यांची शिफ्ट सुटली असली तर मग विचारूच नका. नवीन जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते, वर्धा रोडवर तो जो डबल डेकर पूल आहे ना, वर मेट्रो, मधात गाड्यांचा उड्डाणपूल, खाली जुना रोड, ३.१४ किमीचा आहे आणि त्याचा जागतिक विक्रम पण झाला, तो विमानतळाकडून चढला की सरळ अजनीकडे उतरवतो. मधातले चौक खालीच राहतात. तुमचा दवाखाना मधातल्या चौकात असला तर वर चढू नका, खालूनच जा, गर्दी असली तरी. ही गोष्ट बोर्डावर लहान अक्षरात असते आणि मागून हॉर्न वाजत असतात, नवीन माणसाने वाचायचं कधी.

आणि एक बोलायचंच आहे. डायलिसिस झाल्यावर बाबा थकलेले असतात, त्यांना गाडीत गरगरते. परतीच्या जाममध्ये शेजारची गाडी काच खाली करून म्हणते, ताई चालवता येत नाही तर कशाला आणता गाडी. का? तर मी पुढच्या गाडीला चिकटून उभी नव्हते, थोडं अंतर ठेवलं होतं. त्या अंतरात तीन मोटारसायकली आणि एक ऑटो घुसला. मी अंतर ठेवणं सोडणार नाही. तासभर जाममध्ये बसलेल्या बाईला बाथरूमला जायचं असलं तर ती कुठे जाणार, हे रोड बांधणाऱ्यांपैकी कोणाच्या डोक्यात कधी येते का, मला खरंच विचारायचं आहे.

गडचिरोली जिल्हा, अँब्युलन्स

कोणत्या दवाखान्याची गाडी ते लिहीत नाही. नागपूरले रेफर झालेला पेशंट म्हणजे आरमोरी, नागभीड, उमरेड करत जायचं, लय लांबचा पल्ला. उमरेडपर्यंत सायरनवर लोकं साईड देतात, खेड्यातले लोकं तं बैलगाडी बी खाली उतरवतात. खरी परीक्षा नागपूरच्या तोंडाशी, दिघोरीच्या पुढं. बाळंतपणाची केस होती, रक्त थांबत नव्हतं, नर्सताई मागून काच वाजवून राहिली की भाऊ चला, अन् माझ्या पुढं गाड्याच गाड्या. लोकाईच्या मनात नव्हतं असं नाही, त्याईले सरकायलेच जागा नव्हती, डाव्या हाताले बस, उजव्या हाताले डिव्हायडर. दोन पोट्टे मोटारसायकल तठीच लावून पुढं पळाले, एकेका गाडीच्या काचेवर हात मारून बाजूले करत गेले, त्याईच्यामुळे निघालो. बाई वाचली, लेकरू बी वाचलं. त्या पोट्ट्याईचं नाव बी विचारता आलं नाही.

२०१९ मध्ये कायदा बदलला, अँब्युलन्सले वाट नाही दिली तं १० हजार रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद बी होऊ शकते. पण दंडानं जागा तयार होत नाही ना. जर्मनीत असा नियम आहे की हायवेवर गाड्या हळू झाल्या की तेव्हाच, अँब्युलन्स येवो न येवो, अगदी डावीकडच्या लेनवाल्यानं डावीकडं सरकायचं अन् बाकी सगळ्यांनी उजवीकडं, मधात एक गल्ली मोकळी ठेवायची. आधीच ठेवायची, सायरन ऐकू आल्यावर नाही. एवढं आपल्याकडं शिकवलं तं माझ्यासारख्याचे हात स्टेअरिंगवर थरथरणार नाही. आपल्याकडं गाड्या डाव्या हातानं चालतात तं उलटं करायचं, अगदी उजवीकडच्यानं उजवीकडं. जो वाचून राहिला त्यानं आजपासून करावं, हात जोडून सांगतो.

मेहकर, ट्रॅव्हल्स ड्रायव्हर

दिवाळीच्या टाइमले पुण्यावरून आपले सगळे पोरं गावाकडं निघतात, कंपनीतले, शिकणारे, कन्स्ट्रक्शनवाले, अन् सगळ्याईले एकाच रात्री निघायचं असते. नगर रोड. वाघोली अन् पुढं शिक्रापूर, एवढ्यात रात्र अर्धी संपते. मागं पोरं फोनवर घरी सांगत राहतात की अजून पुण्यातच हाओ. मुंबईची फेरी असली तं पुढं एक्स्प्रेसवे लागते, ९४.५ किमीचा, २००२ पासून पूर्ण चालू, सहा लेन. पण खंडाळ्याच्या घाटात जुना मुंबई-पुणे रोड त्यातच येऊन मिळते, दोन रोडच्या गाड्या एका रोडवर. त्यात चढावर एखादा लोडचा ट्रक बंद पडला की संपलं. शनिवार-रविवारी तं घाटात क्लच दाबून दाबून डावा पाय बधिर होते. एक गोष्ट मात्र कधीच समजली नाही. कितीदा असं होते की तासभर रखडत जातो अन् पुढं गेल्यावर पाहतो तं ना ॲक्सिडेंट, ना काम, ना पोलीस, काहीच नाही, एकदम रोड मोकळा. मंग आपण थांबलो काहून? कोणाले माहीत असलं तं सांगा.

पुसद, शिक्षक

मेहकरच्या भाऊंसाठी. यावर जपानमध्ये प्रयोग झालेला आहे, २००८ मध्ये छापून आला. २३० मीटरचा एक गोल आखला, त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना सांगितलं की एकाच वेगाने चालवत राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना वळणाचा त्रास. थोड्या वेळाने आपोआप जाम तयार झाला. एकाने किंचित वेग कमी केला की मागच्याला जरा जास्त ब्रेक लागतो, त्याच्या मागच्याला आणखी जास्त, असं करत करत कोणीतरी पूर्णच थांबतो. आणि गंमत म्हणजे गाड्या पुढे जातात पण जाम मागे सरकत जातो, साधारण ताशी २० किमीने. म्हणून तुम्ही तिथे पोचता तेव्हा कारण दिसत नाही, कारण तिथे उरलेलंच नसतं. गाड्या रोडच्या मानाने जास्त झाल्या की हे होणारच, पण अंतर ठेवून सावकाश, न थांबता चालवलं तर ब्रेकची ही साखळी बरीच तुटते. सेलूच्या ताई बरोबर करतात, त्यांना बोलणारा माणूस स्वतःच जाम वाढवत होता.

दारव्हा, सध्या ह्यूस्टन

गावाकडचा धागा वाचून राहवलं नाही. मी जिथे राहतो तिथे केटी फ्रीवे नावाचा रस्ता आहे, २००८ मध्ये रुंद करून झाला, बाजूचे सर्व्हिस रोड धरले तर काही ठिकाणी २६ लेन भरतात. २६! आपल्या दारव्ह्याची अख्खी बाजारपेठ त्यात आडवी मावेल. आणि तरी ऑफिसच्या वेळेला तो तुंबतो. रुंद झाल्यावर काही वर्षं बरं होतं म्हणतात, मग लोकांनी शहरापासून अजून लांब घरं घेतली कारण रस्ता मोठा आहे ना, आणि सगळे पुन्हा त्याच रस्त्यावर आले. मधल्या लेनला टोल आहे, पण गाडीत दोन किंवा जास्त माणसं असली तर ठराविक वेळेत फुकट सोडतात, ते मला पटतं. इथे गाडीशिवाय पर्यायच नाही म्हणून सगळे अडकतात. आपल्याकडे एसटी आहे, रेल्वे आहे, ती मोडू देऊ नका, तिकडे पैसा लावायला सांगा. माझे वडील अजूनही यवतमाळहून नागपूरला एसटीने जातात आणि मला त्यांची काळजी कमी वाटते.

कारंजा लाड

समृद्धी आमच्या दारातून गेली, त्याचं सुख आहे. ७०१ किमी, डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत चालू झाली अन् ५ जून २०२५ ले इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा. मुलीची मुलाखत होती मुंबईत, फोर्टमध्ये. रात्री निघालो, आमणेपर्यंत कुठं थांबलो तं फक्त चहाले. अन् आमणे सोडलं, भिवंडीच्या बाजूनं ठाण्याकडं निघालो, तं पुढचे काही किलोमीटर पोरगी घड्याळाकडं पाहून राहिली अन् मी तिच्याकडं. पुढं ईस्टर्न फ्रीवे पकडला, १६.८ किमी, दुचाकी नाही, सिग्नल नाही, वाटलं आता पोचलो. ऑरेंज गेटले उतरलो अन् पुन्हा उभे. शेवटी पोरगी उतरली अन् पायी गेली, फाईल छातीशी धरून, साडी आवरत, अन् मी गाडीतून पाहत राहिलो. वेळेत पोचली. पण घामानं भिजून मुलाखतीले बसावं लागलं तिले. आता कोणी विचारलं तं मी सांगतो, समृद्धी गाडीनं करायची पण मुंबईत शिरायचं लोकलनं, गाडी ठाण्यात नाही तं कल्याणले लावून द्या.

पांढरकवडा

आमाले विमान पकडायचं तं बरेच जण हैदराबाद करतात, आदिलाबाद, निर्मल, सरळ रोड. मेडचलपर्यंत मस्त. तठून सरळ शहरात शिरले तं कोमपल्ली, बोईनपल्लीत जीव जाते. आउटर रिंग रोड घ्या, १५८ किमीचा पूर्ण गोल आहे, शमशाबादले विमानतळाजवळ उतरवते. टोल लागते, किलोमीटर वाढते, पण विमान चुकत नाही. बस एवढंच.

वणी, ट्रक

मी कोळशाची गाडी चालवतो. सगळे म्हणते ट्रकमुळे जाम होते. भाऊ आमाले तं शहरात दिवसा शिरूच देत नाही, नो एन्ट्री, बरोबर आहे, लेकरं शाळेत जातात, शिरू नये. पण मंग आमी उभं कुठं राह्यचं हे कोणी सांगावं ना. शिवेवर रोडच्या कडेले लाइन लागते, एकामागं एक, अर्धी गाडी डांबरावर अर्धी खाली, त्याच्यामुळं एक लेन बंद, अन् मंग तुमी कारवाले तठी अडकता. उन्हाळ्यात केबिनमध्ये बसवत नाही, ४५ डिग्री, इंजिनची गरमी वेगळी, गाडीखाली झोपा तं भीती की कोणी सुरू करून नेईन. पाणी संपलं की ढाब्यावर जा, ढाबेवाला म्हणते जेवण घ्या मंग पाणी. मालक फोन करते कुठं हाय. उभा हाय म्हटलं तं म्हणते उभ्या गाडीचे पैसे नाही भेटत. सेलूच्या ताईनं बाथरूमचं लिहिलं, आमचा क्लिनर अठरा-एकोणीस वर्षाचा पोरगा हाय, तो बी मले तेच विचारते, काका कुठं जाऊ.

शिवेच्या चार-पाच किलोमीटर आधी एक मोठं मैदान, मुरूम टाकलेला, पाण्याची टाकी, संडास, लाइट, अन् बोर्डावर नो एन्ट्री किती वाजता उठते ते मोठ्या अक्षरात, मराठीत बी अन् हिंदीत बी. एवढं झालं तं आमी रोडवर उभेच राहणार नाही. कोणाची ग्रामपंचायत शिवेवर असली अन् गायरान पडून असलं तं ग्रामसभेत हा विषय घ्या, पार्किंगचे पैसे घ्या आमच्याजवळून, आमी देतो.