पोस्टग्रेस १३ वरून १८ वर जाताना पीजी_अपग्रेड चेकसमच्या संदेशावर थांबते

प्रश्न (इंदूर)

नमस्कार. येथील दवा बाजारातील एका घाऊक औषधविक्रेत्याचा साठा आणि बिले यांचा सुमारे ४०० जीबीचा डेटाबेस मी सांभाळतो. आजवर तो सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर पोस्टग्रेसक्यूएल १३ (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये चालत आला. परंतु सेंटओएस ७ चा आधार जून २०२४ मध्ये आणि पोस्टग्रेस १३ चा नोव्हेंबर २०२५ मध्ये संपल्यामुळे मालकांनी अखेर रॉकी लिनक्स ९ असलेल्या नव्या सर्व्हरला मंजुरी दिली. जुना सर्व्हर रीतसर बंद करून मी त्याची डेटा डिरेक्टरी नव्या यंत्रावर उतरवली, तेथे दोन्ही आवृत्त्या बसवल्या आणि पीजी_अपग्रेड (जुन्या आवृत्तीतील डेटा नव्या आवृत्तीत नेणारे साधन) आधी केवळ तपासणीपुरते चालवले. जुन्या क्लस्टरमध्ये (एका सर्व्हरच्या सर्व डेटाबेसच्या संचात) डेटा चेकसम (ब्लॉक बिघडला का हे ओळखण्याचे पडताळणी-अंक) नाहीत, नव्यात आहेत, असे सांगून ते थांबते. नव्या क्लस्टरसाठी मी चेकसम मागितलेच नव्हते. रविवारी दुपारपर्यंतच व्यवहार बंद ठेवता येतील, त्यामुळे सर्वांत कमी वेळाचा मार्ग कोणता, हे कृपया सांगावे.

पहिले उत्तर

आपली चूक नाही. १८ व्या आवृत्तीपासून इनिटडीबी (नवा क्लस्टर तयार करणारी आज्ञा) चेकसम आपणहून चालू ठेवते आणि पीजी_अपग्रेडला दोन्ही बाजू सारख्या लागतात. नवा रिकामा क्लस्टर पुसून तो ‘नो-डेटा-चेकसम्स’ हा पर्याय देऊन पुन्हा तयार केल्यास काही मिनिटांत सुटका होईल. दुसरा मार्ग म्हणजे जुना क्लस्टर बंद असताना त्यावर पीजी_चेकसम्स चालवून चेकसम सुरू करणे. परंतु त्यात प्रत्येक ब्लॉक वाचून पुन्हा लिहिला जातो, आणि ४०० जीबीला आपल्या डिस्कवर किती वेळ लागेल हे आधी प्रतीवर मोजल्याशिवाय रविवारी त्यात हात घालू नये. मी आपल्या जागी असतो तर आता पहिला मार्ग धरला असता.

दुसरे उत्तर

वरील उत्तर योग्य आहे, पण मला काळजी वाटते ती प्रश्नात ओझरत्या आलेल्या एका गोष्टीची: सेंटओएस ७ वरील डेटा डिरेक्टरी तशीच्या तशी रॉकी ९ वर आणली आहे. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूलभूत लायब्ररी, जिच्याकडून पोस्टग्रेस अक्षरक्रम घेते) २.१७ आहे, रॉकी ९ मध्ये २.३४, आणि या दोहोंच्या दरम्यान २०१८ साली आलेल्या २.२८ मध्ये अक्षरक्रमाचे नियम बदलले. मजकुराच्या रकान्यांवरील इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या क्रमवार सूची) जुन्या क्रमाने रचलेले आहेत आणि नवे यंत्र त्यांत नव्या क्रमाने शोध घेईल. मग कपाटात असलेली बॅच पडद्यावर सापडत नाही किंवा युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा शिरते. १३ मध्ये डेटाबेसच्या डिफॉल्ट कोलेशनची (अक्षरक्रमाच्या नियमांची) आवृत्ती नोंदलीच जात नसल्याने पीजी_अपग्रेड याबद्दल अवाक्षरही काढणार नाही.

खात्री करायची असल्यास दोन्ही यंत्रांवर एन_यूएस.यूटीएफ-८ लोकेल (भाषा व अक्षरक्रम ठरवणारी मांडणी) ठेवून ‘१-१’ आणि ‘११’ या इंग्रजी अंकांतील दोन ओळी सॉर्ट आज्ञेला द्याव्यात; दोन्हीकडे क्रम वेगळा आला तर शंका खरी. डेटाबेसचे कोलेशन ‘सी’ (केवळ बाइटांच्या क्रमाने लावणारे) असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर अपग्रेडनंतर, कोणालाही आत सोडण्यापूर्वी, मजकुरावरील सर्व इंडेक्स रीइंडेक्स करावेत, म्हणजे नव्याने रचावेत. पूर्णांकांवरील इंडेक्सना धक्का लागत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. जुन्या यंत्राने ‘११’ आधी दिले, नव्याने ‘१-१’. आमचे बहुतेक बॅच क्रमांक असेच आडव्या रेघेचे असल्यामुळे ते पाहून हातपाय गार पडले. शनिवारी प्रतीवर चेकसमविना क्लस्टर करून अपग्रेड केले. ते एकही तक्रार न करता पार पडले. त्यानंतर अ‍ॅमचेक या इंडेक्स तपासणाऱ्या साधनाने बॅचच्या इंडेक्समधील क्रम बिघडल्याचे लगेच दाखवले आणि रीइंडेक्सनंतर तीच तपासणी निर्दोष आली. रविवारी हाच क्रम ठेवतो. वेळ वाचवण्यासाठी लिंक पद्धत वापरली तर चालेल का?

दुसरे उत्तर देणारे

चालेल, परंतु त्यात फाइलींच्या नकला न होता हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरे नाव) होतात, म्हणून दोन्ही डिरेक्टऱ्या एकाच फाइल सिस्टिमवर हव्यात. आणि नवा सर्व्हर एकदा सुरू केला की त्या यंत्रावरील जुनी प्रत वापरण्याजोगी राहत नाही. सेंटओएसचे यंत्र आपल्याकडे शाबूत आहे, तेवढे सोमवारची बिले नीट निघेपर्यंत पुसू नका.