मदत हवी आहे : लोसार्टन चेतातंतूच्या टोकावर काम करते की धमनीच्या स्नायूवर?

मी पुण्यात औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रबंधासाठी पांढऱ्या उंदराच्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मेसेंटेरिक धमनीवर लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम तपासत आहे. धमनीचे जेमतेम दोन मिलिमीटरचे कडे दोन बारीक तारांवर ओवून ३७ अंश सेल्सिअसच्या क्रेब्ज द्रावणात (शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या द्रावणात) ठेवायचे आणि विजेचे सौम्य झटके द्यायचे. त्याने भिंतीतले सिम्पथेटिक चेतातंतू उद्दीपित होतात, त्यांच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन सुटते आणि कडे आकसते. हे आकसणे चेतातंतूंमुळेच आहे याची खात्री टेट्रोडोटॉक्सिन हे चेतातंतूंचे संदेश थांबवणारे विष घालून केली आहे. ते घालताच आलेखाची रेघ सपाट होते.

अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक चेताटोकांवरील एटी-१ रिसेप्टरमार्फत (पेशीवरील ग्राहीमार्फत) नॉरअॅड्रेनॅलिनचा स्राव वाढवते आणि लोसार्टन हाच रिसेप्टर अडवते, त्यामुळे लोसार्टनने आकसणे कमी व्हावे अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात १ मायक्रोमोलर इतक्या मात्रेला काहीच फरक पडला नाही. १० मायक्रोमोलरला आकसणे घटले, पण बाहेरून घातलेल्या नॉरअॅड्रेनॅलिनचा परिणामही तितकाच घटला. (एका गुरुवारी वीज गेल्याने पाणी थंड झाले होते, तो प्रयोग यात धरलेला नाही.) हा परिणाम चेताटोकांवरचा म्हणून लिहावा असे मला सुचवण्यात आले आहे. मला ते पटत नाही, कारण औषध केवळ स्राव कमी करत असेल तर बाहेरून दिलेल्या नॉरअॅड्रेनॅलिनला धक्का लागायला नको. माझे काही चुकते आहे का?

प्रतिसाद : आपली शंका रास्त आहे, तसे लिहू नका. शरीराबाहेर काढलेल्या धमनीला मूत्रपिंडातून येणारे रेनिन (अँजिओटेन्सिन तयार होण्यासाठी लागणारे विकर) मिळत नाही, त्यामुळे तिथे अँजिओटेन्सिन-२ फारच तुटपुंजे असते आणि लोसार्टनला अडवण्यासारखे फारसे काही उरत नाही. आधी अँजिओटेन्सिन-२ इतके थोडे घाला की कडे त्याने आपणहून आकसणार नाही, झटक्यांचा प्रतिसाद मात्र वाढेल. मग ती वाढ १ मायक्रोमोलर लोसार्टनने जाते का ते पाहा. एकाच कड्याला अँजिओटेन्सिन पुन्हा पुन्हा देऊ नका, प्रतिसाद झपाट्याने मंदावतो. प्रत्येक वेळी नवे कडे घ्या आणि औषध न घातलेले एक कडे तेवढाच वेळ सोबत चालवा. १० मायक्रोमोलरच्या आसपास लोसार्टन थ्रॉम्बॉक्सेन या धमनी आकसवणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या रिसेप्टरलाही अडवू शकते, म्हणून त्या मात्रेवरून एटी-१ बद्दल काही ठरवणे धोक्याचे आहे. शिवाय रुग्णाच्या शरीरात यकृत लोसार्टनचे ईएक्सपी-३१७४ या अधिक प्रबळ रूपात रूपांतर करते, जे आपल्या द्रावणात घडत नाही.

नॉरअॅड्रेनॅलिनचा धमनीवरचा परिणाम अडवणारे प्राझोसिन घालून पाहिले आहे का? त्यानंतरही थोडे आकसणे शिल्लक राहिले, तर ते बहुधा नॉरअॅड्रेनॅलिनसोबत सुटणाऱ्या एटीपी या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचे असेल, आणि त्यावर लोसार्टनचा परिणाम वेगळा मोजावा लागेल.