'दमसास' फुटबॉलला चालतो का?

अर्धविराम
फुटबॉलच्या एका पुस्तिकेचं मराठी चालू आहे. वाचणार कोल्हापूरच्या पेठांमधल्या तालमींचे संघ आणि त्यांना शिकवणारे. विषय आहे हंगामाआधीची सहा आठवड्यांची तयारी आणि पहिले तीन-चार सामने. अडलेलं वाक्य: खेळाडू फिट आहे पण मॅच फिट नाही, त्याला ६० मिनिटंच खेळवा. मी 'तंदुरुस्त आहे, पण सामन्याचा दमसास अजून आलेला नाही' असं केलं. तपासणाऱ्यांनी रेघ मारून शेरा लिहिला: 'दमसास गवयाचा, खेळाडूचा दम.' मला हे पटत नाही. पुढे हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) आणि क्रॅम्प (स्नायू एकदम आखडणं) हेही आहेत, त्यांना काय म्हणावं तेही सांगा.

तानपलटा
शेरा बरोबर आहे. दमसास म्हणजे एकच श्वास पुरवून पुरवून वापरण्याची ताकद. लांब तान, सनईचा लांब सूर, तिथला हा शब्द. फुटबॉलमध्ये श्वास पुरवायचा नसतो, गेलेला श्वास पटकन परत मिळवायचा असतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

लालमाती
गवयांना मक्तेदारी कुणी दिली? आखाड्यात हा शब्द रोजचा आहे. ताकदीला भारी पण दमसासाला कमी असा पैलवान पहिल्या तीन मिनिटांत डाव काढायला बघतो, कारण कुस्ती लांबली की त्याचं काही खरं नसतं, हे गल्लीतलं पोरगंही सांगेल. आणि कोल्हापूरचे संघ नावानंच तालमी: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. तिथे तालमीतला शब्द चालणार नाही तर कुठे चालणार?

शब्दखोर
व्युत्पत्तीही लालमातींच्या बाजूची आहे. दम हा फारसी, अर्थ श्वास. सास म्हणजे श्वासाचंच प्राकृत रूप. एकाच अर्थाचे दोन घरांतले शब्द जोडायची आपली जुनी खोड, कागदपत्र आणि बाजारहाट तसेच झालेले. म्हणजे दमसास शब्दशः 'श्वासश्वास'. त्यात तान कुठे आली?

तानपलटा
व्युत्पत्तीवर अर्थ ठरत नाही, वापरावर ठरतो.

अर्धविराम
नुसता 'दम' घ्यायला माझी हरकत वेगळी आहे. 'दम आहे' म्हणजे ताकद आहे, 'दम लागला' म्हणजे धाप लागली. 'दम धर' म्हणजे थांब, 'दम दिला' म्हणजे धमकावलं. पुस्तिकेत 'खेळाडूत अजून दम नाही' असं छापलं तर तो संघात घेण्याच्या लायकीचाच नाही असा अर्थ होईल. मुळात तर तो चांगला खेळाडू आहे, फक्त सहा आठवडे मॅच खेळलेला नाही.

नडगी
शब्द ठरवण्याआधी मॅच फिट म्हणजे नक्की काय ते बघा, मग श्वासाच्या बाहेर पडाल. ९० मिनिटांत मधल्या फळीतला खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर फिरतो. रंकाळ्याभोवती पहाटे पळणाराही तेवढं अंतर काढतो. फरक असा की मैदानावर दर ४ ते ६ सेकंदांनी हालचाल बदलते: चालणं, झेप म्हणजे भरधाव धाव, थांबणं, उलटं पळणं, उडी, धक्का, पुन्हा झेप. एका चालीत पळून फुप्फुसं तयार होतात, पण जोरात थांबायची आणि वळायची सवय मांड्यांना लागत नाही. म्हणून पळून पळून तयार झालेला खेळाडू पहिल्या सामन्यात ५५व्या मिनिटापर्यंत छान दिसतो. नंतर धाप नसते, पण पाय अर्धा सेकंद उशिरा पडतात. चेंडू निघून गेल्यावर टॅकल बसतं, मग कार्ड तरी मिळतं नाहीतर दुखापत होते. याला दमसास म्हणा नाहीतर दम म्हणा, अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

शुद्धमती
म्हणूनच 'सामनासज्ज' वापरावा. सुटसुटीत आहे आणि मराठी आहे. 'मॅच फिट'ची गरज काय?

पंचगंगाकाठ
सामनासज्ज म्हंजे बूट घालून, शिनगार्ड लावून टनेलमध्ये उभा राहिलेला गडी वाटतोय राव. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत कुणी म्हणंल का, "त्यो अजून सामनासज्ज न्हाई"? मॅच फिटच म्हणतात, नाहीतर "अजून अंगात मॅच बसली न्हाई" म्हणतात.

शुद्धमती
गॅलरीत काय म्हणतात त्यावर पुस्तिका लिहायची तर शिव्याही छापाव्या लागतील. आणि गॅलरीत 'सीझन' म्हणतात तो तरी कशाला, 'हंगाम' असताना?

शब्दखोर
हंगामही फारसीच. मोसम अरबी, तंदुरुस्त फारसी, तालीम आणि कसरत अरबी. सामन्याची सज्जता एवढी शुद्ध करायची तर तालमीच्या पाट्या बदलाव्या लागतील. जाता जाता, हंगाम आणि हंगामा एकाच घरातले आहेत.

पंचगंगाकाठ
आमच्याकडं दोन्ही एकदमच सुरू होतात.

अर्धविराम
'अंगात मॅच बसणे' आवडलं, पण कोल्हापूरबाहेर कळेल का? हात बसणे, नजर बसणे, जम बसणे हे सगळीकडे चालतं. 'जम बसलेला नाही' कसं वाटतं?

लालमाती
जम धंद्याचा बसतो, जोडीचा बसतो. दोन स्ट्रायकरांचा जम बसला नाही, हे ठीक. एकट्याच्या मांडीचा जम कसा बसेल? आणि कृपा करून 'पाय बसला नाही' असं कुणी सुचवू नका, पाय बसला तर गडी गेला.

नडगी
'अंग सरावलेलं नाही' चालेल. त्यात श्वास आला, पाय आले, अंदाजही आला. सराव सामन्यांचा क्रमही तसाच असतो: आधी ३० ते ४५ मिनिटं, मग ६०, शेवटच्या दोन आठवड्यांत ९०. सरावलं की नाही हे मिनिटांवरूनच कळतं.

मांडवीतीर
गोव्यात आमची तयारी पावसात असते, ड्युरँड कपही जुलै-ऑगस्टमध्ये येतो. तिथल्या पहिल्या सामन्यांवरून संघ ओळखू नये. हल्ली पाच बदली खेळाडू चालतात, तेही खेळ चालू असताना तीनच वेळा थांबून, मध्यंतर सोडून. त्यामुळे प्रशिक्षक आधीच ठरवून दोघातिघांना ६० मिनिटांवर काढतो. आणि प्रेक्षक म्हणतात, "चांगला खेळत होता, का काढला?" पुस्तिकेत हा खुलासा जरूर घाला. गडबड अशी होते की साठाव्या मिनिटाला एक, पासष्टाव्याला एक आणि सत्तराव्याला एक असे बदल केले की तिन्ही संधी संपतात. मग ८०व्या मिनिटाला कुणाला गोळा आला की दोन बदल शिल्लक असूनही दहा जणांनी खेळावं लागतं.

अर्धविराम
हे घेतो. 'गोळा' निघालाच आहे तर, क्रॅम्पला गोळाच का?

मांडवीतीर
आमच्याकडे वांब.

तानपलटा
पेटका. पुस्तकी लिखाणात पेटकाच असतो.

लालमाती
गोळा पोटरीत येतो, पेटका कुठेही येतो. पाठीत चमक किंवा उसण भरते. हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका.

पंचगंगाकाठ
"शिरेवर शीर चढली" राहिलं की.

नडगी
तेच मैदानावर सगळ्यात घातक वाक्य आहे. 'शीर' म्हटलं की नस, कंडरा, स्नायू सगळं त्यात येतं. शीर चढली, शीर ओढली, शीर आखडली. ऐकणाऱ्यानं काय समजायचं? गोळा आणि ओढलेला स्नायू यांचे उपाय उलटे आहेत. गोळा बहुधा शेवटच्या २० मिनिटांत येतो. पोटरी दगडासारखी होते. गुडघा सरळ ठेवून चवडा नडगीकडे दाबून धरला की मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो आणि गडी निदान चालू लागतो. स्नायू ओढला गेला असेल तर तो बहुतेक भर वेगात, एका झटक्यात जातो. खेळाडू मांडीच्या मागे हात लावूनच थांबतो, बोटानं नेमकी जागा दाखवतो आणि ताण दिला की जास्त दुखतं. तिथे कुणी "शीर चढलीय" म्हणून पाय खेचला तर असलेली इजा वाढते. म्हणून पुस्तिकेत दोन शब्द दोन जागी ठेवा: 'गोळा येणे' आणि 'स्नायू ओढला जाणे'. शीर हा शब्दच नको.

शुद्धमती
ओढला जाणे बोलीतलं झालं. 'ताणला जाणे' लिहा.

नडगी
ताण तर व्यायामातही देतात. "वॉर्मअपमध्ये स्नायू ताणा" आणि "स्नायू ताणला गेल्यास बर्फ लावा" ही दोन वाक्यं एकाच पानावर आली की घोळ झालाच.

शब्दखोर
आणि हॅमस्ट्रिंगला वर्तमानपत्रं सरसकट 'मांडीचा स्नायू' लिहितात.

नडगी
हो, आणि चाहते मग तीन आठवडे भांडत बसतात की अजून का खेळत नाही. मांडीत कामाचे तीन गट आहेत. पुढचा लांब किक मारताना जातो, मागचा झेपेत, आतला म्हणजे जांघेचा वळताना किंवा ओल्या मैदानावर पाय फाकला की. फुटबॉलमध्ये मागचाच सगळ्यात जास्त जातो. 'मांडीचा मागचा स्नायू' लांब वाटला तरी तसंच लिहा.

तानपलटा
मूळ प्रश्न दमसासाचा होता, आठवण करून देतो. शिवाय 'दमणे' हे क्रियापद संस्कृत दम् धातूवरून आहे, दमन त्यातूनच. म्हणजे दम फारसी हेही सरळ नाही.

शब्दखोर
दमणे संस्कृत असेल, दम लागणे फारसीच आहे. दोन्ही शेजारी राहून एकमेकांसारखे दिसायला लागले एवढंच.

तानपलटा
'एवढंच' म्हणून विषय मिटत नाही. दमला म्हणून दम लागला की दम लागला म्हणून दमला?

पंचगंगाकाठ
तुम्ही दोघं आधी यो-यो टेस्ट देऊन या, मग सांगा.

अर्धविराम
यो-यो टेस्टचंही एक पान आहे. २० मीटर जाऊन २० मीटर परत, मग १० सेकंदांत मागच्या ५ मीटरच्या खुणेला वळसा, आणि बीपचा वेग वाढत जातो. हे 'वळसा' बरोबर ना?

नडगी
वळसा ठीक. पण दोन गोष्टी ठळक छापा. टेपनं मोजा, पावलांनी नाही. १९ मीटर भरले तर सगळ्यांचे आकडे फुगतात आणि पहिल्या सामन्यात पितळ उघडं पडतं. आणि बीप मोबाइलवर वाजवू नका, वाऱ्यात शेवटच्या खेळाडूला ऐकू येत नाही. दोनदा वेळेत रेषेवर पोचला नाही की बाद, त्यात सवलत नाही.

लालमाती
नॉर्डिकला काय लिहिलंय? गुडघ्यावर बसून, जोडीदारानं घोटे धरायचे आणि हळूहळू पुढे झुकायचं, तो व्यायाम.

अर्धविराम
सध्या 'नॉर्डिक' तसाच ठेवलाय. 'गुडघझुक' सुचलं होतं.

शुद्धमती
गुडघझुक छान आहे, ठेवा.

नडगी
गुडघझुक वाचून पोरं गुडघ्यात झुकतील. यात गुडघा ते खांदा एक रेघ राहते, कमरेत मोडलं की काम कुल्ल्यांवर जातं आणि मांडीच्या मागच्या स्नायूला काहीच मिळत नाही. नाव काहीही ठेवा, आकडे बरोबर द्या: पहिल्या आठवड्यात एकदाच, ५चे दोन सेट. दुसऱ्यात दोनदा, ६चे दोन. तिसऱ्यापासून आठवड्यातून तीनदा, ६ ते ८चे तीन सेट, मग पाचव्यापर्यंत १२, १०, ८. एकदम तिथून सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, मग संघ हा व्यायामच सोडून देतो. सामन्याच्या आदल्या दिवशी तर अजिबात नको.

पंचगंगाकाठ
'सेट'ला मराठी काय ते शुद्धमतींना विचारा आता.

शुद्धमती
'फेरी'.

लालमाती
फेरी स्पर्धेची असते हो. ५च्या दोन फेऱ्या म्हटलं की पोरं मैदानाला चकरा मारायला लागतील.

तानपलटा
'आवर्तन' घ्या. तालाच्या चक्राला तेच म्हणतात.

पंचगंगाकाठ
आलं, गाणं परत आलं.