मदत हवी आहे: डिजिटल घेतल्यावरही फिल्म कॅमेरा कोणी वापरतंय का?

म्हणजे खरंच रोल घालून, शोकेसमध्ये मांडून नाही. माझा निकॉन एफएम२ कधीचा पडून आहे, शटर मेकॅनिकल असल्यामुळे बॅटरीशिवायही चालतं, फक्त उजेड मोजणारं मीटर बंद राहतं, पण मागच्या झाकणाचा फोम पार चिकट झालाय, हात लावला की काळं लागतं, म्हणजे लाइट लीक होणारच, आत उजेड शिरून फिल्म खराब होणार. हा फोम घरी बदलता येतो का की सरळ रिपेअरवाल्याकडे देऊ? आणि रोल कुठला घालू, ट्राय-एक्स ४०० (कोडॅकची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) की कलर निगेटिव्ह? डिजिटलवर धडाधड क्लिक करून एका रोलच्या ३६ फ्रेम पुरवायची सवयच गेलीये. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला म्हणजे वापरणारे असतीलच ना? निगेटिव्ह स्कॅन कशावर करता तेही सांगा प्लीज.