माळेगाव आलं की गाडीचा एसी गरम हवा फेकतो, गॅस दोनदा भरून झाला

अहमदपूरचा मास्तर
गाडी २०१३ ची, डिझेल, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी महिन्यातून एकदा नांदेडला न्यावं लागतं. अहमदपूरहून दुपारी बाराला निघालो की सुरुवातीला एसी झकास. अर्ध्या तासाने खंडोबाचं माळेगाव आलं की थंडावा गायब. लोह्यात चहाला थांबतो, वीस मिनिटांनी गाडी चालू करतो, तर हवा पुन्हा गारेगार, जसं काही झालंच नव्हतं. पण तीही पंधरा मिनिटंच टिकते. सकाळी सातला निघालो तर नांदेडपर्यंत काही त्रास नाही.

एका गॅरेजवाल्याने गॅस भरला, १८०० रुपये. दोन दिवसांत येरे माझ्या मागल्या. दुसऱ्याने परत गॅसच भरला, परत १८००. तिसरा म्हणतो कॉम्प्रेसर गेलाय, २२ हजारांची तयारी ठेवा. मागच्या सीटवर पदराने वारा घेत आई म्हणते, "ह्याच्यापरीस यष्टी बरी होती बाबा, वारं तरी लागायचं." कॉम्प्रेसरला हात लावायच्या आधी काय बघून घेऊ?

लातूरकर भाऊ
गॅस लीकच असणार. माझ्या गाडीत पण तसंच होतं. पाइपच्या जॉइंटला साबणाचं पाणी लावून बघा.

परभणीचा एसीवाला
भाऊ, गॅस कमी असता तर सकाळी सातला पण एसी रडला असता. कमी गॅसला कॉम्प्रेसर सारखा टक-टक लागतो-सुटतो आणि थंडावा कायमच अर्धवट राहतो. सरांचा एसी वेळ बघून दगा द्यायलाय, हे वेगळं लक्षण आहे.

सर, आधी एक सांगा. गरम हवा यायला लागते तेव्हा जाळीतून येणाऱ्या हवेचा जोर कमी होतो का? आणि गाडी उभी केल्यावर खाली नेहमीपेक्षा जास्त पाणी सांडतं का? तसं असेल तर हवा गार करणाऱ्या आतल्या कॉइलवर बर्फ धरायलाय, मग सेन्सर बघावा लागेल. जोर तसाच राहून नुसती हवा गरम होत असेल तर पुढच्या वेळी गाडी बाजूला घ्या, इंजिन आणि एसी चालूच ठेवा आणि बोनेट उघडा. कॉम्प्रेसरच्या तोंडावर क्लचची प्लेट असते, ती पुलीला चिकटली की कॉम्प्रेसर फिरतो. बाहेरची पुली पट्ट्याबरोबर फिरतच राहते, प्लेट फिरायलीय का तेवढं बघायचं. गळ्यातला रुमाल काढून ठेवा बरं का, पट्टा कुणाची ओळख ठेवत नाही. आणि नव्या बऱ्याच गाड्यांत असा क्लचच नसतो, त्यांना हे लागू नाही. तुमच्या गाडीत असणार.

अहमदपूरचा मास्तर
आज मुद्दाम दुपारी एकटाच गेलो. माळेगावच्या पुढे बाभळीखाली गाडी उभी केली. हवेचा जोर जसाच्या तसा. पुढचा पंखा फिरत होता. पुली फिरत होती, प्लेट मात्र एकदम निवांत, तिच्यावरचा तेलाचा डागसुद्धा स्पष्ट दिसत होता.

परभणीचा एसीवाला
अर्धं काम झालं. आता क्लचला करंट यायलाय की नाही ते बघा. येत नसेल तर रिले (क्लचचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), गॅसचा प्रेशर स्विच, वायर. येत असून प्लेट ओढली जात नसेल तर क्लच.

गंगाखेडचा वायरमन
एक भर घालतो. टेस्ट लॅम्पवर विसंबू नका, १० व्होल्टला पण बल्ब पेटतो. मीटर लावा आणि कनेक्टर काढून नाही, जोडलेलाच ठेवून मागून मोजा. रिलेचे पॉइंट जळलेले असतील तर लोडवरच व्होल्टेज पडतं.

अहमदपूरचा मास्तर
शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर घेऊन गेलो होतो. बॅटरीवर १३.६, क्लचच्या कनेक्टरवर १३.४. प्लेट तरीही हलेना.

परभणीचा एसीवाला
मग तुमचा कॉम्प्रेसर बिचारा निर्दोष आहे. क्लचमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल असते, करंट आला की तिचा लोहचुंबक होतो आणि प्लेटला ओढतो, तेव्हा क्लच लागतो. वर्षानुवर्षं घासून प्लेट आणि पुलीमधली फट वाढते. कॉइल गार असते तोवर कशीबशी ओढते. इंजिनची धग लागली की तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, करंट उतरतो, चुंबकाचा जोर कमी पडतो आणि प्लेट सुटते. तुम्ही चहा पीत बसलात की कॉइल गार होते, म्हणून परत चालू. सकाळी त्रास नाही, त्याचं कारणही हेच.

बहुतेक गाड्यांत फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागते. फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजून घ्या. जास्त निघाली तर प्लेटच्या मागे पातळ वायसर असतात, त्यातला एक काढायचा. गॅस सोडायची गरज नाही. कॉइलचा रेझिस्टन्स पण बघा, कॉइलच जळत आली असेल तर वायसरने भागणार नाही.

अहमदपूरचा मास्तर
उशिरा लिहितोय, दहावीचे पेपर तपासत होतो. गावातल्याच एका मेकॅनिकपुढे बसून फट मोजून घेतली, ०.९ निघाली. एक वायसर काढला, ०.४५ वर आली. कॉइल ठीक आहे. मजुरी ३०० रुपये. तेव्हापासून भर दुपारी दोनदा नांदेडला जाऊन आलो. माळेगाव गेलं, लोहा गेलं, एसी चालूच. चहाला मात्र थांबलो, सवय झालीय.

परभणीचा एसीवाला
एक राहिलं सर. दोनदा गॅस भरलाय, तो वजन करून भरला नसेल तर जास्त झाला असणार. बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा असतो. गॅस काढून तेवढाच मोजून भरून घ्या, नाहीतर मे महिन्यात प्रेशर वाढून एसी परत बंद पडेल.

अहमदपूरचा मास्तर
स्टिकर बघितलं. ४५० ग्रॅम. म्हणजे आता तिसऱ्यांदा गॅस. आईला सांगितलं तर म्हणाली, "यष्टीला एवढं नसतं लागत."